वीतभर तार

३ ऑक्टोबर

ती. दादास,
शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. बाबांची तब्येत बरी आहे. उजवं नकली पाऊल थंडीत कुरकुरतं, त्याहून जास्त बाबा कुरकुरतात.

तुझं पत्र मिळालं. बावीस वर्षांत पहिलं. आई गेली तेव्हा तू आलास, दारातच उभा राहिलास आणि दारातूनच परत गेलास, त्यामुळे ते येणं मी मोजत नाही. बाबांना आता बारीक अक्षर दिसत नाही. पत्र मीच वाचून दाखवलं. "त्या दिवसाची माफी मागायला येतो" ही ओळ त्यांनी तीनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "येऊ दे. लेकरूच आहे. माफ करून टाकू." त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत शेडमध्ये गेले आणि ठेंगूवरची, आपल्या त्या छोट्या ट्रॅक्टरवरची, ताडपत्री स्वतः ओढून काढली. मला म्हणाले, "तो यायच्या आत चालू करून ठेव. चार माणसं बोलावू. सगळ्यांसमोर त्याला सीटवर बसवू." दुकानात आलेला बागेतला प्रत्येक छोटा ट्रॅक्टर आपण दुरुस्त करून परत पाठवला, हा एकच घरचा. तुम्ही दोघांनी भंगारातून उचलून आणलेला आणि सहा महिने खपून उभा केलेला. त्या दिवसानंतर त्याला कोणी हात लावला नव्हता. मीही नाही.

तर सध्या दुकानाचं काम संपलं की मी ठेंगूला बसते. पंख्याच्या झाकणात उंदरांनी दोन-तीन पिढ्यांचा संसार थाटला होता. कार्बोरेटरमधलं पेट्रोल सुकून त्याचा डिंक झाला होता, तो सुईने खरवडून काढला. पिस्टन जाम. प्लग काढून त्या भोकातून तेल आणि रॉकेल ओतलं आणि सहा दिवस नुसती वाट पाहिली. रोज चाक हाताने हलवून बघायचं, ते रोज नाही म्हणायचं. सातव्या दिवशी केसभर हललं. बाबा बाजूला स्टुलावर बसून होते. म्हणाले, "तो असता तर त्याने चौथ्या दिवशी हलवला असता."

असं रोजचंच आहे. दुकान बावीस वर्षं मी चालवते, पण पाटीवर अजून "मिस्त्री आणि चिरंजीव" असंच आहे. नवीन गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "चिरंजीव कुठे आहेत?" मी हात पुसत पुढे होते. पाटी बदलू या म्हटलं की बाबा म्हणतात, रंग चांगला आहे अजून, कशाला खर्च. तू आता लिफ्ट दुरुस्त करतोस हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं. लोकांना वर चढवायचं काम आहे म्हणाले.

रंग मी लावणार नाही. जुना हिरवा जिथे उरला आहे तिथे तेलाचं फडकं फिरवलं, तेवढं पुरे. बाबांना चकचकीत हवा आहे. आमचं त्यावरून वाजलं.

सीट अजून उघडलेली नाही. तिचे बोल्ट गंजले आहेत, ते काम शेवटी. बाकी लिहिण्यासारखं काही नाही. एकोणीस तारखेला रविवार आहे, दुपारपर्यंत पोच.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
वायसर

(हे नाव अजून लक्षात आहे ना? तुझ्या आणि बाबांच्या मध्ये दाबली जाते म्हणून तूच ठेवलेलं.)


१४ ऑक्टोबर

दादा,

नमस्कार वगैरे राहू दे. तू पत्रात फोन नंबर दिला होतास. काल तीनदा लावला. तिन्ही वेळा तू "हॅलो, कोण?" म्हणालास आणि मी ठेवून दिला. तोंडाने जमत नाही, म्हणून लिहिते आहे. आज टाकलं तर शुक्रवारी तुझ्या हातात पडेल, म्हणजे निघायच्या आत.

आधी एक खोटं दुरुस्त करते. सीटचे बोल्ट गंजलेले नव्हते. तेरा नंबरचा पाना लावला आणि पहिल्याच झटक्याला सुटले. मलाच उघडायची नव्हती.

सीटखालच्या स्विचबद्दल तुला मी काय सांगणार, पण क्रमाने लिहिते, म्हणजे मला पळवाट राहणार नाही. चालवणारा सीटवरून उठला की तो स्विच सुटतो आणि इंजिन बंद पडतं. खाली गवत कापायचं पातं फिरत असतं, म्हणून ती सोय. पण बागेत दर दहा पावलांवर फांदी उचलायला उतरावं लागतं. दर वेळी इंजिन बंद, दर वेळी पुन्हा दोरी ओढा. म्हणून सगळेच स्विचच्या दोन्ही वायरी तारेने एकत्र बांधून टाकतात. तूही बांधायचास. बाबांचा पाय गेला त्या आठवड्यात बाबांनी त्यावरून गिऱ्हाइकासमोर तुझी खरडपट्टी काढली आणि तू रागारागाने ती तार काढून कचऱ्याच्या डब्यात फेकलीस.

फेकलीस, दादा. मी बघितलं आहे. तू पत्रात लिहिलंस, "तार मी काढली होती असं मला वाटायचं, पण आता इतक्या वर्षांनी खात्री देता येत नाही, कदाचित विसरलोही असेन." ते वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं नाही. ते वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

सीट उलटी केली. तार तिथेच होती, गंजून काळी झालेली. तुझा पीळ मला माहीत आहे. तू उजव्या हाताने तीन वेढे द्यायचास आणि टोक आत दुमडायचास, कोणाच्या हाताला लागू नये म्हणून. या तारेचा पीळ उलटा आहे आणि टोक तसंच मोकळं आहे. आपल्या घरात डावखुरं माणूस एकच.

मी तार सोडवली आणि तशीच बाबांसमोर स्टुलावर नेऊन ठेवली. "ही कोणाची, बाबा?"

"त्याचीच. दुसऱ्या कोणाची असणार?"

"पीळ डावा आहे."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. तारेकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "आणि आणून कोणी दिली होती?"

मी तार उचलून मुठीत घेतली.

"मग झालं तर," ते म्हणाले. "स्वतःचाच स्विच बांधून पाय घालवणाऱ्या मिस्त्रीकडे गिऱ्हाईक आलं असतं का? मी बोललो नाही म्हणून दुकान राहिलं. तू बोलली नाहीस म्हणून दुकान तुझं झालं. आता तो आपणहून माफी मागायला येतोय. मिळाली की तोही सुटेल. तुझ्या का पोटात दुखतंय?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. बाबांचं पाऊल गेलं, आई गेली, तू गेलास, पण पीळ काही गेला नाही. हे लिहून मी मोकळी झाले असते तर बरं झालं असतं. पण बाबांनी मला जे विचारलं त्याचं उत्तर तुला द्यायचं राहिलं आहे.

त्या दिवशी तू पट्टा आणायला गेला होतास. आम्ही उताराच्या बागेत होतो. आदल्या दिवशीच्या वाऱ्याने फांद्याच फांद्या पडल्या होत्या. बाबा उतरायचे, इंजिन बंद पडायचं, चढायचे, दोरी ओढायचे. सातव्या का आठव्या वेळेला त्यांनी मला हाक मारली. "पकड आण. आणि वीतभर तार."

भेंडोळ्यातून तार मी कापली. माझी वीत लहान, म्हणून वर दोन बोटं जास्त धरली. सीट मी उचलून धरली आणि त्यांनी बांधली. बांधून झाल्यावर डोळा मिचकावून म्हणाले, "दादाला सांगू नकोस हं. उलटा मलाच शिकवायला बसेल." आम्ही दोघंही हसलो. मला फार भारी वाटलं होतं. बाबांचं माझ्याशी काही गुपित असणं ही पहिलीच वेळ.

अर्ध्या तासाने ते उतारावर उतरले. ठेंगू चालूच राहिला आणि फिरत्या पात्यासकट मागे घसरला. पुढचं तुला माहीत आहे.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी बागेचे मालक भेटायला आले आणि त्यांनी विचारलं, "एवढे जुने मिस्त्री तुम्ही, झालं कसं?" बाबांनी तुझ्याकडे बघितलं. "पोराने स्विच बांधून ठेवला होता." तू म्हणालास, "मी काढली होती." एवढंच. बाबांनी डोळे मिटून घेतले. आईने तोंड फिरवलं. मी खाटेच्या पायाशी पाण्याचा तांब्या धरून उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस, आठवतं? तू मदत मागत होतास की नुसताच बघत होतास, हे मला आजतागायत कळलं नाही. मी तांब्यात बघत राहिले.

आधी वाटलं, तापात बोलले, उतरला की स्वतःच सांगतील. मग वाटलं, घरी आल्यावर सांगतील. घरी आल्यावर तुमचं बोलणंच बंद झालं. आई तुला वाढायची, पण तुझ्या ताटाकडे बघून, तुझ्याकडे नाही. पंधराव्या दिवशी तू पिशवी उचललीस. त्या संध्याकाळी बाबांनी मला जवळ बोलावलं आणि दुकानाच्या किल्ल्या हातात दिल्या. तोपर्यंत दुकान तुझं, हे ठरलेलंच होतं. मला टायपिंगच्या क्लासला घातलं होतं आणि मला त्या क्लासची शिसारी होती. मला लहानपणापासून दुकान हवं होतं, दादा. मला कोणी विचारलं नव्हतं. किल्ल्या हातात पडल्या तेव्हा मला आनंद झाला. वाईटही वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. वाईट नंतर वाटायला लागलं, सावकाश, आणि तोवर सवय झाली होती.

आई मरेपर्यंत तुझ्यावर रागावलेली राहिली. शेवटच्या आठवड्यात म्हणाली, "त्याने एकदा कबूल केलं असतं तर मी त्याला जवळ घेतलं असतं." मी तिचे पाय दाबत होते. तेव्हाही बोलले नाही. बाबांना मी काय नावं ठेवू.

राग मला तुझाही आहे, आता लिहायला बसलेच आहे तर तेही लिहिते. तू एकदाच म्हणालास, "मी काढली होती." दुसऱ्यांदा का नाही म्हणालास? ताट का नाही आपटलंस? तू भांडला असतास तर कदाचित मला बोलावंच लागलं असतं. तू शहाण्यासारखा निघून गेलास आणि आम्हा दोघांची सोय करून दिलीस. बावीस वर्षं बाहेर राहून एवढंच शिकलास, की आपण न केलेलंही आपणच केलं असेल. कोणाचाही राग नीट न करता येणारा तू. हे लिहिताना मी रडते आहे, पण ते महत्त्वाचं नाही.

आता रविवारचं. बाबांनी चौदा माणसं बोलावली आहेत. बागेचे मालकही येणार आहेत, ते आता बाबांपेक्षा म्हातारे दिसतात. सदरा इस्त्री करून खुंटीला टांगला आहे. काय बोलायचं ते बाबा आरशासमोर म्हणून बघतात, मला पलीकडून ऐकू येतं. "झालं गेलं विसरून जाऊ." तू येऊन मान खाली घालशील, ते तुझ्या डोक्यावर हात ठेवतील, मग तुला ठेंगूवर बसवतील आणि लोक टाळ्या वाजवतील.

माफी मागायला येऊ नकोस. यायचं तर ये, तुझं घर आहे, पण ते वाक्य तोंडातून काढू नकोस. तू आलास तरी आणि नाही आलास तरी रविवारी चार वाजता मी त्या चौदा माणसांसमोर बोलणार आहे. तार कोणी बांधली आणि तार कोणी आणून दिली, दोन्ही. बाबांना मी हे आज सकाळी सांगितलं. ते म्हणाले, "दुकान बंद पडेल." मी म्हटलं, पडू दे. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. दुपारचं जेवण दारापाशी ठेवलं, ते त्यांनी घेतलं.

ठेंगू चालू झाला आहे. काल तिसऱ्या ओढीला सुरू झाला, थोडा खोकला आणि मग एका लयीत चालला. सीटखालच्या वायरी मी मूळच्या जागी लावल्या. सीटवर बसले, उठले, इंजिन बंद. पुन्हा बसले, सुरू केलं, उठले, बंद. दहा वेळा करून बघितलं. दहाही वेळा बंद पडलं.

पाकिटात कागदात गुंडाळलेली ती तार आहे. टोक मोकळं आहे, जपून उलगड. पीळ कोणत्या हाताचा आहे ते स्वतः बघ, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. माझ्या शब्दाला आता किंमत नाही, हे मला कळतं. सांगू नकोस म्हणाले होते बाबा, आणि मी सांगितलं नाही. बावीस वर्षं मी त्यांचं एवढं एक ऐकलं.

लोभ असावा असं या वेळी लिहीत नाही. नुसतं कळावे.

वायसर

(हे नाव तू दिलेलं आहे. परत घ्यायचं असेल तर घे.)