अर्धा उसवलेला कोट

जिला ही गल्ली तोंडावर 'बाई' आणि पाठीमागे 'भोंगा' म्हणते ती मी, वय वर्षे एकाहत्तर, जुन्या कपड्यांच्या दुकानाची मालकीण, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. डोके जागेवर आहे. वकील म्हणाले, "थोडक्यात लिहा." थोडक्यात बोलायला मी जन्मालाच आलेली नाही.

आधीचे मृत्युपत्र मी रद्द करते. ते एका ओळीचे होते: जे काही आहे ते माझ्या मुलीचे. मागच्या हिवाळ्यात मेंदूज्वराने ती गेली. वारस मागे राहतो हे कायद्याने गृहीत धरले आहे. कायद्याला माझे घर माहीत नव्हते.

१. दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या भाचीला. अट एकच. जनावराच्या अंगावरचे काहीही फळीवर चढणार नाही: चामडे, लोकर, रेशीम, पिसे, शिंगाची बटणे. ती म्हणेल, "मावशी, जुनंच तर आहे. ते जनावर कधीच मेलं." तिला माझे उत्तर पाठ आहे, तरी लिहिते: मेलेल्याचे कातडे मिरवले की जिवंताच्या कातड्याचा भाव ठरतो. पटत नसेल तर तिने दुकान घेऊ नये.

२. कात्री, टाके उसवायचा काटा आणि काड्यापेटी हीसुद्धा तिलाच. शिवणीच्या आतला दोरा ओढून जाळावा. केस जळाल्याचा वास आला तर लोकर किंवा रेशीम, कागद जळाल्याचा आला तर सूत. माझ्या मुलीचे नाक या कामात माझ्यापेक्षा तिखट होते. मी गिऱ्हाइकाला मेंढ्यांचे हाल ऐकवत असे, तोवर ती जीन्सच्या कमरेवरची चामड्याची पट्टी उसवून मोकळी होई. "आई, सभा आवर," म्हणे. "त्यांना पँट हवीय."

३. दुकानातला मोठा आरसा भावजयीला. तिला स्वतःकडे बघायला आवडते. माझ्या मुलीला शेवटचे पांघरायला तिने रेशमी शाल आणली होती, आणि पोरीचे मत तिला चांगले ठाऊक होते. मी शाल उंबऱ्यावरूनच परत केली. तेव्हा जे बोलले त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

४. पुस्तके ज्याला वाचायची असतील त्याने न्यावीत. कातडी बांधणीचे एकही नाही.

५. आता कोट. हा मुलीने जुन्या कपड्यांच्या ढिगातून माझ्यासाठी आणला. हिरवा, जाड, लाकडी बटणांचा. थंडीत चौकात उभी राहून भाषण करताना मी कुडकुडते म्हणून. लेबलावर 'शुद्ध सुती' होते. घरी आणून तिने कोटाच्या छातीवरून हात फिरवला आणि थबकली. अस्तर उसवून पाहिले तर आत घोड्याच्या केसांचे कापड. कोटाची छाती ताठ राहावी म्हणून घालतात. लेबल बाहेरच्या कापडापुरतेच बोलते. डाव्या बाजूचे तिने काढले, जाड सुती कापड हाताने टाचले. "उजवी उद्या," म्हणाली आणि अंग दुखतेय म्हणून आडवी झाली.

शेजारचा शिंपी वर्षभर मागे लागला आहे. "बाई, अर्ध्या तासाचं काम. द्या इकडे."

"नको."

"जगाला सांगता एक दोरा चालणार नाही, आणि स्वतःच्या खुंटीला हा घोडा बांधून ठेवलाय!"

उजवी बाजू बाकी आहे, तोवर पोरीचे काम चालू आहे. एवढे साधे वाक्य मला अजून कोणापुढे उच्चारता आलेले नाही.

म्हणून माझ्या मागे कोट शिंप्याच्या हाती द्यावा. तो साक्षीला आला होता. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही हे ऐकताच त्याने पेन खाली ठेवले. "मग सही दुसऱ्याची घ्या. मला कोट द्या." त्याच्या जागी खालचा दूधवाला बसला आहे. त्याच्या दुधाचा थेंबही माझ्या घरात आलेला नाही, तेव्हा आमचे हितसंबंध आड येत नाहीत.

शिंप्याने फक्त उजवी बाजू करावी. तो म्हणतो डावे टाके तिरके आहेत, दोन्ही बाजू सारख्या दिसणार नाहीत. न दिसोत. डावीला सुई लावू नये.

भाची म्हणते, "मावशी, तुला तो घालूनच पाठवू." मुळीच नको. चांगला कपडा मेलेल्याबरोबर घालवणे मला मान्य नाही, बाहेर माणसे थंडीने काकडत आहेत. मात्र उजवी बाजू झाली की, मला नेण्याआधी, कोट एकदा माझ्या अंगावर चढवावा. बाह्या नीट ओढाव्यात, बटणे लावावीत. माप बरोबर निघाले तर भाचीने तसे मोठ्याने म्हणावे. मग काढून, झटकून दुकानात लावावा, नेहमीच्या किमतीला. गिऱ्हाइकाने विचारले तर सांगावे, आमच्याकडे एकदाच वापरला. ते खरे असेल.

लिहिले ते वाचून पाहिले, समजून सही केली.

सही: बाई

आमच्या देखत सही झाली, आम्हीही तिच्या देखत केली.
साक्षीदार १: तळमजल्यावरचा दूधवाला (सही)
साक्षीदार २: वाचनालयाच्या निवृत्त ग्रंथपाल (सही)

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी