अकरा कोट आणि चार बेटं

पहिलं बेट,
सोमवार, ३ फेब्रुवारी

चि. छोटीस,

दोघांचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही धडधाकट पोचलो. बोटीत तुझे बाबा पूर्ण वेळ डोळे मिटून बसले होते आणि उतरल्यावर नावाड्याला म्हणाले की प्रवास मजेत झाला. बसायला तयार झाले हेच खूप.

जागा म्हणशील तर नारळाच्या झाडांत चार खोल्यांचं अतिथीगृह. दार उघडलं की वाळू, वाळूपुढे पाणी, आणि पाण्याचा रंग आपल्या दुकानात येणाऱ्या त्या महागड्या अस्तरासारखा. लग्नाला एकतीस वर्षं झाली, आणि इतकी वर्षं मी तुझ्या बाबांच्या पाठीकडे बघत काजं केली. आता रोज त्यांचं तोंड बघते. बरं आहे तसं. सवय व्हायला हवी.

पण मी कशासाठी त्यांना उचलून आणलंय ते तुला ठाऊकच आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की सहा आठवडे कातर धरायची नाही, नाहीतर कातरीने बधिर झालेला अंगठा कायमचा मेला समजा. घरी राहिले असते तर हा माणूस सहा तासही थांबला नसता. इथे दहा-दहा दिवस चार बेटं करायची, आणि चारही ठिकाणी फोन लागत नाही, हे मी आधीच पक्कं करून घेतलंय. रोज सकाळी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे अंगठ्याला टाचणी टोचते. अजून काही कळत नाही. काल टोचली तर विचारत होते, टोचलीस का?

दुकानाची एकही कटकट त्यांच्या कानावर येता कामा नये. पत्रं तेच मोठ्याने वाचून दाखवतात, तेव्हा पत्रात सगळं छान लिहायचं. खासगी काही असेल तर वेगळं पाकीट माझ्या नावाने घाल, वरती ‘बायकांचं’ असं लिही. ते हात लावणार नाहीत.

वेळेवर जेवत जा. तुझी आठवण काढायला इथे भरपूर वेळ आहे, तशीच तूही काढ.

तुझी,
आई


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ती. आई आणि बाबा यांस,

शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. इथे सगळं अगदी उत्तम आहे. गिऱ्हाइकं खूश आहेत, कारागीर वेळेवर येतात, मशिनं कुरकुरत नाहीत. बाबा निघताना जे बेतून ठेवून गेले त्यातलं निम्मं शिवून झालं. वाद्यवृंदाचे अकरा कोट मी वहीतल्या मापांवरून बेतायला घेतले आहेत, तेही व्यवस्थित होतील. कापड देखणं आहे. कुणाचीही तक्रार नाही. तुम्ही निवांत राहा, पाण्यात पाय बुडवून बसा आणि दुकान विसरून जा.

बाबांनी अंगठ्याला जपावं. तुम्हा दोघांचा माझ्यावरचा जीव अंतराने कमी होत नाही हे मला माहीत आहे, तरी लिहीत राहा.

तुमची,
छोटी


दुसरं बेट,
गुरुवार, १३ फेब्रुवारी

चि. छोटीस,

आशीर्वाद. अगं बाई, हे काय लिहून पाठवलंस? तुझं पत्र बाबांनी मोठ्याने वाचलं, मग पुन्हा मनात वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. आणि उठून सरळ बॅग भरायला लागले. म्हणाले की तीस वर्षं दुकान चालवतोय, सगळं उत्तम असा एक दिवस मी पाहिलेला नाही. एकही तक्रार नाही म्हणजे पोरगी काहीतरी भयंकर लपवतेय.

त्यांना शांत करता करता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मी म्हटलं की तुम्ही नसल्यामुळेच सगळं उत्तम चालत असेल. तेव्हा जरा रागावले, पण बॅग ठेवली. तर आता कृपा कर आणि पत्रात एखादी बारीकशी तक्रार घालत जा. मशिनचा पट्टा तुटला, बटणं चुकीची आली, असं काहीतरी. औषधाइतकीच घाल.

बाकी हे बेट पहिल्यापेक्षा लहान आणि पहिल्यापेक्षा सुंदर. काल कमरेइतक्या पाण्यात आम्ही दोघं हात धरून उभे होतो. पायाला मासे लागत होते. बाबा म्हणाले की मासे आहेत हे डाव्या हाताला सांगता येईल, उजव्या अंगठ्याला नाही. हसत म्हणाले, पण मला हसू आलं नाही. रात्री कूस बदलत असतात. खरं सांगू का, मला भीती वाटते. अंगठा परत आला नाही तर हा माणूस कशाने जगेल?

पुढचं पत्र तिसऱ्या बेटावर टाक. तिथे बोट रविवार आणि गुरुवार, दोनदाच येते.

माझ्यावर रागावू नकोस, आणि लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आई


(बायकांचं)
सोमवार, १७ फेब्रुवारी

ती. आईस,

शि. सा. न. हे एकटीने वाच.

दुसऱ्या पाकिटात बाबांसाठी पट्टा तुटल्याची तक्रार घातली आहे. पट्टा ठणठणीत आहे. खरी गोष्ट ऐक आणि घाबरू नकोस, घाबरण्याचं काम मी करतेच आहे.

आज वाद्यवृंदाच्या प्रमुखांना ट्रायलला बोलावलं होतं. त्यांनी कोट अंगात घातला. बाह्या बोटांच्या पेरांवर आल्या. उंची जास्त, खांदे उतरलेले, छातीत आपली जाडी मावशीसुद्धा मावेल इतकी जागा. ते गृहस्थ भले, म्हणाले की मी बारीक झालो असेन. मी वहीत बघितलं, कोट टेबलावर पसरून मोजला. कोट वहीप्रमाणे बरोब्बर आहे. म्हणजे बाबांनी माप चुकीचं लिहिलं, किंवा मला वही वाचता येत नाही. बाबांचं माप चुकणार नाही हे साऱ्या गावाला माहीत आहे. राहिले मी.

आई, अकराही कोट बेतून, जोडून झालेत. आठ वर्षं मी तुरपाई आणि काजं केली, बेतायला त्यांनी कधी दिलं नाही, आणि पहिल्यांदा हातात कातर आली तर हे. कार्यक्रम रविवारी आहे. त्या आधी तुझं उत्तर येऊ शकत नाही हे मला कळतं. तरी लिहितेय, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला शिलाईला बसता येईना.

एकच विचारायचं होतं. बाबा मापात सैल सोडण्याचं गणित वेगळं धरतात का? सहज म्हणून विचार. त्यांना संशय आला तर पहिल्या बोटीने निघतील आणि आल्या आल्या कातर उचलतील. मग तो अंगठा माझ्या डोक्यावर बसेल, जन्मभर.

तुझ्या मायेची आत्ता फार गरज आहे, ती राखून ठेव.

छोटी


रविवार, २३ फेब्रुवारी, दुपार

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. तुम्हाला एकट्याला मी पहिल्यांदाच पत्र लिहितेय. आजवर जी पत्रं वाचलीत त्यातला पट्ट्याचा मजकूर खोटा होता. तुम्ही तिकडे पट्टा कसा बदलायचा याबद्दल मला दोन पानं लिहायला बसाल, या विचारानेच लाज वाटली. आता खोटं लिहवत नाही.

बाबा, अकराही कोट मोठे झाले होते. पहिला दिवस मी रडण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी अकराही वादकांना एकेक करून बोलावलं आणि ज्या नव्या टेपने बेतलं होतं त्यानेच पुन्हा मापं घेतली. बासरीवाले, तबलजी, सगळे. वहीशी ताडून बघितलं. प्रत्येकाचं प्रत्येक माप वहीपेक्षा बरोब्बर एक इंच कमी निघालं. ना पाव कमी, ना पाव जास्त. अकरा माणसं एकाच वेळी एकाच इंचाने आक्रसत नाहीत, तेव्हा चूक माझ्या हाताची नाही एवढं कळलं. कुणाची आहे ते अजून कळलेलं नाही, आणि खरं तर मला त्याची पर्वा नाही.

मग मी सगळे उसवले. मोठं झालं होतं हेच नशीब, बाबा. लहान झालं असतं तर कापड कुठून आणलं असतं? सगळीकडून एकेक इंच काढला, खांदे नव्याने बसवले. शेवटचा कोट काल दुपारी इस्त्री करून दिला. आज सकाळी कार्यक्रम झाला, मी मागच्या रांगेत होते. एक सूर मला ऐकू आला नाही, मी अकरा पाठी बघत होते. एकाही पाठीवर चुणी नव्हती. माझा जीव आत्ता कुठे भांड्यात पडलाय.

रागवायचं तर आल्यावर रागवा. पण लवकर येऊ नका.

तुमची,
छोटी


तिसरं बेट,
शुक्रवार, २८ फेब्रुवारी

चि. छोटीस,

तोंड भरून आशीर्वाद. आता सगळं सविस्तर लिहिते, कारण काल मी जे पाहिलं ते तुला कळायलाच हवं.

तुझं ‘बायकांचं’ पाकीट रविवारी मिळालं. सोमवारी सकाळी बाबा नेहमीसारखे टेप घेऊन खोलीचं दार मोजत होते. या माणसाने तीन बेटांवरच्या एकूण एक वस्तू मोजल्यात. मी तुझ्या सांगण्याप्रमाणे सहज विचारायला गेले आणि माझी नजर टेपच्या टोकाकडे गेली. टेप एकापासून सुरू होत होता. पहिला इंच नव्हताच. मी विचारलं, तर म्हणाले की तो झिजून फाटला होता, नऊ वर्षांपूर्वी मीच कापून टाकला, काय फरक पडतो, माप घ्यायला हाच आणि बेतायलाही हाच, जुळतं. छाती-कंबरेच्या मापाचे भाग पाडावे लागतात, तिथे मी मनातच एक वजा करून कापतो.

एवढं बोलले आणि टेपचं कापलेलं टोक डोळ्यांजवळ धरलं.  दोनच शब्द म्हणाले, ‘वही. छोटी.’

पुढचे तीन दिवस विचारू नकोस. नऊ वर्षांत सांगायचं राहून गेलं म्हणून स्वतःला लाखोली वाहत होते. दुसरं कुणी बेतेल असं कधी मनातच आलं नव्हतं, म्हणाले. पोरीला आयुष्यभर वाटेल की तिला कापता येत नाही, आणि लबाडी माझ्या टेपची. मी अंगठ्याची आठवण दिली तर म्हणाले की मरू दे अंगठा. काल गुरुवारी पहाटेच बॅग घेऊन धक्क्यावर जाऊन बसले. मीही माझी पिशवी घेऊन शेजारी बसले, करते काय? चौथं बेट गेलं, सहा आठवडे गेले, असं मी धरूनच बसले होते.

बोट आली. नावाड्याने आधी पत्र दिलं. बाबांनी उभ्यानेच फोडलं. या वेळी मोठ्याने वाचलं नाही.  वाचून झाल्यावर पुन्हा वरपासून वाचलं. नावाडी चढा चढा म्हणून ओरडत होता. बाबांनी बॅग हळूच खाली ठेवली आणि त्याला म्हणाले की आम्हाला कुठे जायचं नाहीये. बोट गेली. मग तिथेच लाकडावर बसले आणि रडले गं. लग्नापासून पहिल्यांदा पाहिलं मी. म्हणत होते की एकटीने उसवले, अकरा कोट एकटीने उसवले.

आणि ऐक. रडत होते, उजवा हात माझ्या मांडीवर होता. सकाळची टाचणी राहिली होती. मला काय सुचलं कोण जाणे, पदरातली काढली आणि टोचली. केवढ्याने ओरडले! पाच माणसं धावत आली. मीही रडले मग. त्यांना वाटलं मलाच काहीतरी झालं. आज सकाळी पुन्हा टोचली, पुन्हा ओरडले. आता म्हणतात की पुरे, किती खात्री करशील.

डॉक्टरांना दाखवू, पण चौथं बेट करूनच. तेरा मार्चला निघू, एक दिवस आधी नाही. बाबांनी तुला वेगळं लिहिलंय, मला दाखवलं नाही. याच पाकिटात आहे.

तुला कुशीत घ्यावंसं वाटतंय. तोवर आमच्यावरची माया सांभाळ.

तुझी,
आई


तिसरं बेट,
शुक्रवार, २८ फेब्रुवारी

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. मला लांबलचक लिहिता येत नाही. अंगठ्याने पेन धरून लिहितोय, अक्षर वाकडं आहे, पण पेन लागतंय हे कळतंय.

चूक माझी. तुझी तसूभर नाही. हे कारागिरांसमोर वाचून दाखव.

बाह्या काढताना खांद्यापासून काढल्यास की मनगटापासून ते लिहिलं नाहीस. खांद्यापासून काढल्या असशील. चुणी नव्हती म्हणतेस म्हणजे तशाच. मी असतो तर घाईत मनगटापासून काढल्या असत्या. हे मात्र कारागिरांना वाचून दाखवू नकोस.

माझी वही कपाटात ठेव. तुझी नवी घाल. बेतायचं काम आता तुझ्याकडे. डॉक्टर काहीही म्हणोत, अंगठा घोड्यासारखा धावू लागला तरी तुझ्याकडेच. मी काजं करीन, तुझी आई म्हणते मला जमतील.

एक काम आहे. शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही. दुसऱ्या कुणाला मी कधी घेऊ दिलं नाही, म्हणून तीस वर्षं अंदाजाने शिवलेलं घालतोय. खांद्यात कधीच बसलं नाही. कुणाला सांगितलं नाही.

तेरा तारखेला निघून घरी आलो की नव्या वहीत पहिलं माप माझं घे. मी हात जरा लांब धरून उभा राहीन. मधे बोलणार नाही.

तुझे,
बाबा