तिसरी पिन

कडाव, सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

मैने, आधी तुम्हां सगळ्यांची खुशाली विचारते, मग माझं पुराण. तुझे कान कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेलं यंत्र लावतेस की डब्यात ठेवून दिलंस? दत्ता भावोजींचा खोकला उतरला का? बिडी सोडली असं मला सांगायचं आणि गोठ्यामागं जाऊन ओढायची, हे मला इथून दिसतं म्हणावं. आणि आपली नात प्रिया? दिवाळीत मी दुरुस्त करून दिलेला कॉम्प्युटर नीट चालतोय ना तिचा? काळी शेळी व्याली का?

फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून ही वही. रोजचं लिहून ठेवीन आणि पोती वाहणाऱ्या विकासचा टेंपो तुमच्याकडं निघाला की पानं फाडून त्याच्या हाती देईन.

शिळफाट्याचं दुरुस्तीचं दुकान रस्तारुंदीत गेलं याचं आता वाईट वाटत नाही. खोली छान मिळाली गं. खिडकीतून भात निघालेली शेतं दिसतात, त्यांत वाल लावलाय. घरमालक येसाजी साठीचे, मोजकं बोलणारे. त्यांची बायको बायजा माझ्यापेक्षा पाचसात वर्षांनी लहान असेल. आल्या आल्या तिनं मडक्यात भाजलेल्या पोपटीतल्या शेंगा नि अंडी पुढं केली. म्हणाली, आत्याबाय, कालची हाय, पर गरम केलीय. मी म्हटलं, अगं, पोपटी शिळीच लागते गोड. आम्ही दोघी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसत असावी, तोंडाला पदर लावून हसली.

खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर एक कॉम्प्युटर आहे. वर फडकं, फडक्यावर वाळलेली झेंडूची माळ.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कॉम्प्युटर त्यांच्या संजनाचा. एकुलती एक. गेल्या जुलैत लावणीच्या दिवसांत गेली, एकोणीस वर्षांची. शेतातून घरी आली नि इथंच, या खोलीत, बसल्या जागी गेली. हृदय थांबलं, असं कर्जतच्या डॉक्टरांनी सांगितलं.

येसाजी आज दारात उभे राहिले, टोपी हातात घेऊन. म्हणाले, तुमी मशिनी दुरुस्त करता ना, एवढा चालू करून द्या. मी म्हटलं, ह्यांच्या हातात पाने देता देता रेडिओ शिकले, मग टीव्ही, मग हे. शाळा चौथीपर्यंत, पण यंत्र कधी माझं शिक्षण विचारत नाही. बघते.

मग त्यांनी सांगितलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळं बोलून झालं: गाईला चारा घालू, तुझ्या मैत्रिणीच्या लग्नात आहेर करू. कावळा चिंचेवरच. शेवटी येसाजी बोलले, बाय, तुझा कॉम्प्युटर चालू करीन. तेव्हा कावळा उतरला. सहा जणांना दाखवून झालं, कुणालाच जमलं नाही. सहा महिने हा माणूस तो शब्द पाठीवर घेऊन फिरतोय.

बायजा मागं उभी होती. तिनं मान हलवली. होय म्हणून की नको म्हणून, कळलं नाही.

कॉम्प्युटर उघडला. आतल्या पंख्यात हळद-कुंकवाचा हा थर. दसऱ्याला पूजा झालेली, अक्षताही निघाल्या. सगळं ब्रशनं झाडलं. मेमरीची पट्टी खोडरबरनं घासून बसवली. बटण दाबलं. पंखा फिरला, एकदा टिक झालं, कीबोर्डचे तिन्ही दिवे लागले आणि सगळं गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. उठायला जातो नि बसतो. आजारी माणसासारखा.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आतला गोल सेल बदलला. तो मेला की घड्याळ मागं जातं, हे नेहमीचं. पण नव्या सेलवरही पडदा क्षणभर उजळतो तेव्हा दिसते ती ११ जुलै, चार वाजून दहा मिनिटं. जुना सेल पुन्हा तपासला, नवा तपासला. दोन्हीत दोष नाही.

आणि एक. दुपारी बटण दाबलं तेव्हा फरशीवर ओली पावलं दिसली. दारापासून खुर्चीपर्यंत. बारीक पावलं, बोटांमध्ये चिखलाच्या रेघा. बायजा पाणी घेऊन आली असेल म्हणून पुसून घेतली. फडक्याला लावणीच्या चिखलाचा वास होता, मैने. खाचरातला, काळा. फेब्रुवारीत बाहेर ढेकळं फुटतात उन्हानं.

येणारी पावलं होती. जाणारी नव्हती.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज पाच वेळा चालू केला. पाचही वेळा पावलं आली. खुर्चीपाशी थांबली. कीबोर्डचे दिवे लागले आणि खुर्ची आपोआप मागं सरकली, जोरात, कुणी धक्का खाऊन पडल्यासारखी.

मी घाबरले, पण हात थांबले नाहीत. सवय. पत्र्याच्या डब्याला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. नुसता पत्रा, आणि त्यात वीज. बोटं ओली असती तर.

वायर धरून भिंतीपर्यंत गेले. पिनेला तीन काटे असतात ना, वरचा जाड असतो तो जमिनीचा, चुकार वीज त्यातून खाली जाते. तो करवतीनं कापलेला. का, तर भिंतीतला सॉकेट दोन भोकांचा. गावोगाव हेच करतात. तिसरा बसत नाही तर काप. मीसुद्धा ह्यांना कापताना पाहिलंय.

हृदय थांबलं, खरंच होतं ते. थांबवलं कशानं, ते माझ्या हातात होतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

बायजाला पिन दाखवली. ती चुलीपुढंच बसली खाली.

११ जुलै, कॉलेजचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. चार वाजून गेले होते, पोर लावणीतून तशीच पळत आली, हातपाय चिखलाचे. मशीन चालू होईना. येसाजी ओटीवरून ओरडले, अगं दाबून धर बटण. तिनं धरलं. बायजा आत आली तेव्हा पोरीचा हात बटणालाच होता. तिनं मुसळानं सोडवला. आणि पिन कुणी कापली ते तिला ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात येसाजींनीच कापली होती, लेकीची मशीन लवकर चालू व्हावी म्हणून.

तिनं कुणालाच सांगितलं नाही. म्हणाली, आत्याबाय, त्यांना कळलं तर ते र्‍हायचे नाय.

आणि दहाव्याला येसाजी मोठ्यानं बोलले त्याच वेळी ही मनात बोलली होती: बाय, तुझ्या बाबांना कंदी कळू देणार नाय, मशिनीला कुणाला हात लावू देणार नाय. कावळा तेव्हा उतरला. दोघांचे शब्द एकाच वेळी. मशीन चालू होतच नाही, त्यावरून कावळ्यानं कुणाचा ऐकला हे सहा महिने तिला कळतंय आणि बोलता येत नाही.

मी किती वेळा बटण दाबलं, मैने? वीस? पंचवीस? तितक्यांदा ती पोर चिखलाच्या पायांनी पळत आली. तितक्यांदा

मंगळवार, ११ फेब्रुवारी

नवा सॉकेट बसवला, जमिनीची तार बाहेर ओढून पुरली, नवी पिन लावली. पुन्हा कुणाला तसं नको. बटण मी दाबलं नाही. येसाजींनी दाबलं, मी वाल सोलायला गेले होते तेवढ्यात.

पावलं त्यांनाही दिसली. तिथंच बसून राहिले, जमिनीवर हात ठेवून. पुन्हा पुन्हा दाबत होते. बाय आली, बाय आली, म्हणत होते. प्रत्येक वेळी खुर्ची सरकत होती. मी हात धरला तर म्हणाले, दोन मिंटं का होईना, येती ना.

मग नवी पिन बघून त्यांनी विचारलं, जुनीला काय झालं होतं? कुठं हाय ती?

माझ्या कमरेला, बटव्यात होती. मी म्हटलं, जळली, टाकली. ते कचऱ्यात शोधायला गेले. उकिरडा उपसला त्यांनी.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी विकास आला, भाताची पोती घेऊन तुमच्याकडं निघालेला. पिन चिंधीत बांधून या पानांसोबत त्याच्याकडं देते आहे. मैने, तुमच्या पाताळगंगेत सोड ती. घरात ठेवू नकोस. एवढं ऐक.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

कॉम्प्युटर चालू झाला. पहिल्याच बटणाला, सरळ. तारीख आजची. पडद्यावर संजनाचा फोटो, हातात रोपांची जुडी, हसते आहे. दात थोडे पुढं. इतकी लहान असेल असं वाटलं नव्हतं.

फरशी कोरडी.

येसाजींनी वाकून फरशी चाचपली. मग म्हणाले, आता चालू झाला. पर ती येत नाय. बायजानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दोघं रडले, मीही. मला वाटलं, सुटली पोर.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी, दुपार

विकास मोटरसायकलवर आलाय, चिंचेखाली उभा आहे. सहज बोलला तो. परवा पुडकं दिलं तेव्हा तू शेळीपाशी होतीस, त्यानं ते प्रियाच्या हाती दिलं. तिनं चिंधी सोडून पाहिली नि पानांसकट टेबलाच्या खणात टाकली. आणि आज सकाळी तिकडं गेला तर प्रिया फरशी पुसत होती. वैतागली होती. म्हणे, एवढ्या उन्हात कोण चिखलाचे पाय घेऊन येतं. आणि तिचा कॉम्प्युटर परवापासून चालू होत नाही. टिक होतं नि गप्प. आजीला विचारते म्हणाली. मला.

तिचाही तिसरा काटा कापलेला आहे, मैने. दिवाळीत तुमच्या सॉकेटात बसेना, तेव्हा मी कापला. मीच. येसाजींनी कापला तसाच.

प्रियाच्या फोनची रिंग जाते, उचलत नाही. भावोजींचा बंद. माझा गुडघा गाडीवर बसू देत नाही, माणसांचा टेंपो पाचला आहे. विकास पुढं निघतोय, त्याला तोंडीही सांगितलंय. बटणाला हात लावू देऊ नको. आधी भिंतीतून वायर काढ, कोरड्या लाकडानं. पिन खणातून

चार वाजत आले. याच वेळी ती कॉलेजातून येते, हातपाय धुते नि तशीच

विकास गाडी चालू करतोय. त्याच्याच हाती उलट लिही, लवकर लिही गं. फार नको. भावोजी बरे आहेत, एवढं. तू बरी आहेस. शेळी व्याली. आणि प्रिया