थोरला भाऊ, कनिष्ठ सदस्य

चि. भोंग्यास,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. (कागदोपत्री मी धाकटा आहे, त्यावर पुढे येतोच, पण आशीर्वाद द्यायला कागद लागत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? धाकटीचा, म्हणजे तुझ्या बायकोचा, रक्तदाब कसा आहे? तुझा फोन कसा आहे? शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारला, कारण गुडघा वाकत नसला तरी फोन लावायला गुडघा लागत नाही, आणि महिना होत आला, तुझ्याकडून एक घंटी नाही. मला वाटलं फोन बिघडला असेल. मग कळलं की परवाच तू आत्याला फोन करून तासभर तिचं डोकं खाल्लंस. म्हणजे फोन ठणठणीत आहे, तू मला तेवढा वगळलास. मी का नाही फोन केला, असं विचारशील. थोरल्याने आधी फोन करायचा नसतो. हा नियम कुणी केला ते आठवत नाही, बहुतेक मीच केला असेल, पण जन्मभर पाळलाय, आता मोडवत नाही. म्हणून पत्र. शिवाय पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही, ही सोय आहेच.

तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. कारखान्याच्या भांडारात मी अख्खी नोकरी स्टोअरकीपर म्हणून काढली, माझ्या सहीशिवाय तिथून नटबोल्ट हलला नाही, आणि भांडण असो की भंगार, आधी सगळं टेबलावर मांडायचं आणि मग बोलायचं ही माझी पद्धत आहे. तर ते ऑनलाइन दुकान. वर्षाचे पैसे एकदा भरून सदस्य व्हायचं, मग वर्षभर सामान घरपोच फुकट. ज्यांची पासष्टी भरली त्यांना हेच सदस्यत्व अर्ध्या पैशात. मी सहासष्ट वर्षांचा. खालचे दात माझे नाहीत, वरचे कुणाचे आहेत ते दंतवैद्याला माहीत, जिना चढताना मी मधल्या पायरीवर थांबून हवा बघितल्यासारखं करतो. अर्ध्या किमतीवर माझ्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचा असणार? जावयाने फोनमध्ये माझी जन्मतारीख टाकली, आणि उत्तर आलं की हे गृहस्थ बसत नाहीत.

का बसत नाहीत, तर आपले वडील. शाळेत नाव घालायला त्यांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी नेलं. (माझ्या वेळी ते विसरून गेले होते, असं आई म्हणायची. ते म्हणायचे, वाट बघत होतो.) मोठेपणी माझी नोकरी जास्त टिकावी म्हणून त्यांनी माझं वय दोन वर्षं कमी सांगितलं, आणि तू घरात दिवसभर भोंगा लावायचास म्हणून तुझं दोन वर्षं वाढवून सांगितलं, म्हणजे मास्तर तुला ताबडतोब ठेवून घेतील. मास्तरांनी मान वर न करता लिहून घेतलं. समोर मी हा एवढा, आणि तू माझं बोट धरून नाक ओढत उभा, तरी कागदावर तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा झालास. त्याचा मला झालेला फायदा म्हणजे सगळे घरी बसले तेव्हा मी आणखी दोन वर्षं भांडारात घासलो. बाकी कुणी कधी विचारलं नाही, म्हणून आपणही विसरलो होतो.

मी दुकानाच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलत होती. ती म्हणाली, 'आजोबा, तुमचं वय अजून भरत नाही.' बघ म्हणजे, आजोबा म्हणायला भरतं, सवलत द्यायला भरत नाही. मी तिला दात काढून दाखवायलाही तयार होतो, पण फोनवर ते जमेना. शेवटी तिनेच वाट काढून दिली. घरात कुणा ज्येष्ठाचं सदस्यत्व असेल तर त्यांच्या खात्यात एक कनिष्ठ सदस्य फुकटात जोडता येतो, राहायला दुसऱ्या गावी असला तरी चालतो. तुमच्याकडे कुणी मोठं माणूस आहे का, असं तिने मला विचारलं. भोंग्या, तेव्हा मला तुझं नाव घ्यावं लागलं. जावयाने तुला कळवल्यावर तू मला फोन करून इतका हसलास की ठसका लागला आणि धाकटीला तुझ्या पाठीत धपाटे घालावे लागले. (ते मला फोनवर स्पष्ट ऐकू आले. तेवढंच समाधान.)

खरी गोम पुढे होती. कनिष्ठ सदस्याने काहीही मागवलं की विनंती आधी ज्येष्ठाकडे जाते. ज्येष्ठाने हिरवं बटण दाबलं तर सामान निघतं, लाल दाबलं तर नाही, आणि लाल दाबताना कारण लिहावं लागतं. शाळकरी पोरांनी भलतंसलतं मागवू नये म्हणून केलेली ही सोय असणार. आणि तू पडलास गाडी शिकवणारा. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि आपल्या बाजूचा जादा ब्रेक कचकन दाबायचा, यावर तुझा संसार झाला. असल्या माणसाच्या हातात माझं बटण. माझ्या पहिल्याच विनंतीला, म्हणजे पाठ खाजवायच्या लाकडी हाताला, तुझा लगेच फोन: 'दादा, वहिनी माहेरी गेलीय का?' पायजम्याच्या वेळी तू मला कंबरेचं माप विचारलंस आणि ते दोनदा मोठ्याने म्हटलंस, धाकटीला स्वयंपाकघरात ऐकू जावं म्हणून. शेगडीच्या लायटरवरून जे बोलायला बसलो ते आईच्या स्टोव्हवर गेलो, तिथून शाळेतल्या शिपायावर, तिथून तुझ्या त्या शिष्येवर, जिने गाडी दवाखान्याच्या पायऱ्यांवर चढवली आणि आलोच आहोत तर म्हणून स्वतःचं वजन करून घेतलं. तुझी वहिनी दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही वेळा गार झाला. मी वरवर चिडायचो, पण मला ते आवडायचं, हे इथे लिहून टाकतो. त्याआधी वर्षानुवर्षं आपण कुणी गेलं तरच फोनवर बोलायचो, आणि आपल्या घराण्यातली माणसं भलती चिवट. दोन-दोन वर्षं कुणी जायचं नाही.

मग तो कलप. मी केसांना लावायला कलप मागवला, हा गुन्हा आहे का? त्या दिवशी जावयाचे आईवडील आमच्याकडे जेवायला होते. माझा फोन वाजला, माझे हात खरकटे, म्हणून जावयाने तो घेतला आणि सरळ मनाने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं: विनंती नामंजूर, कारण, आता काय उपयोग. विहीणबाईंना घास लागला. व्याही पानात बघून खांदे हलवत होते. संध्याकाळी नेहमीसारखा तुझा फोन आला, जसं काही झालंच नाही, आणि मग मी जे बोललो ते बोललो. लहानपणी माझ्या परवानगीशिवाय तुला चड्डीची नाडी सोडता येत नव्हती, इथपर्यंत गेलो. (ते खरंच आहे. तुला गाठ सुटायचीच नाही.) एरवी तू एकाला चार ऐकवणारा. त्या दिवशी एवढंच म्हणालास, 'बरं दादा, तुझं तू बघ.' फोन ठेवलास आणि खात्यात जाऊन तिसरंच एक बटण दाबलंस, कनिष्ठ सदस्याच्या सर्व विनंत्या आपोआप मंजूर.

पहिले दोन दिवस मी हवेत होतो. कलप मागवला, आला, लावला. (तुझं कारण बरोबर होतं, पण ते मी लेखी देणार नाही.) मग पायपुसणं मागवलं, तेही आलं. मग किसणी. सामान येत होतं, फोन येत नव्हता. म्हटलं, किसणीसाठी कशाला कोण फोन करेल, जरा खटकेल असं काहीतरी मागवावं. म्हणून बाळाचा पाळणा मागवला. सहासष्टाव्या वर्षी भावाने पाळणा मागवला तर कुठल्याही शहाण्या माणसाने विचारलं असतं की दादा, घरी सगळं ठीक आहे ना. तू हूं की चूं केलं नाहीस. पाळणा आला. पार्सलवाल्याने तुझ्या वहिनीचं अभिनंदन केलं, आणि ती त्याला समजावत समजावत तळमजल्यापर्यंत गेली. आता त्यात कांदेबटाटे असतात. मग मी मधमाश्या पाळणाऱ्यांचा पोशाख मागवला, जाळीच्या टोपीसकट. तोही आला. तो घालून तुझी वहिनी माळा झाडते, धूळ अजिबात नाकात जात नाही म्हणते, पण परवा दूधवाल्याला तशीच सामोरी गेली आणि तो उलट्या पावली पळाला. अजून दूध बंद आहे.

तरी तू गप्प. मग मी सहा माणसांचा तंबू मागवला. एवढं मोठं धूड बघून तरी हा फोन करेल, अशी माझी खात्री होती. तंबू आला. कसा उघडतो ते बघावं म्हणून मी बाहेरच्या खोलीत बसून पिशवीची दोरी ओढली, तर तो स्वतःच फाडकन उघडला आणि खोलीभर झाला. एक कोपरा कपाटात, एक पंख्याला, दरवाजा अडलेला, मी आत आणि तुझी वहिनी स्वयंपाकघरात कोंडलेली. मला बाहेर यायची चेन सापडेना. मग मी तिथेच मांडी घालून बसलो, फोन समोर ठेवला आणि वाट बघितली. फोन वाजला नाही. बाहेरून तुझी वहिनी म्हणाली, 'सख्ख्या भावाशी बोलायला एवढं सामान लागतं का?' मी पुन्हा चेन शोधायला लागलो. तिला मी सांगितलं नव्हतं काहीच, तरी तिला कधीपासून कळलं होतं कोण जाणे.

वाचवलेल्या पैशांचं म्हणशील तर ते पाळण्यातच बुडाले, तंबूचं तर नाव काढू नकोस. जावई आता माझ्याशी जरा सावकाश आणि मोठ्याने बोलायला लागलाय, जसं विसराळू माणसाशी बोलतात. पण मला राग त्याचा नाही, तुझा आहे. मंजुरी द्यायची असेल तर माणसाने विचारलं पाहिजे, कशाला पाहिजे, किती पाहिजे, जुनं कुठे गेलं. मी भांडारात कामगारांना इतकं विचारायचो की काही जण स्क्रू स्वतःच्या पैशाने आणायचे, आणि तू मला तंबू विचारल्याशिवाय दिलास? जबाबदारी म्हणून काही चीज आहे की नाही?

तर आता नीट ऐक. पुढच्या आठवड्यात माझी कागदोपत्री पासष्टी भरते आहे. भरली की मी माझ्या स्वतःच्या नावाने सदस्यत्व घेणार, ज्येष्ठ म्हणून, अर्ध्या पैशात, कुणाच्या बापाची परवानगी न घेता. (आपला बाप एकच आहे, हे लिहिताना लक्षात आलं, पण राहू दे.) माझं खातं निघालं की तुझ्या खात्यातून माझं नाव कायमचं जाणार, असा त्यांचा नियम आहे. मग तू सुटलास आणि मी सुटलो. एवढं कळवायलाच हे पत्र लिहिलं, बाकी काही म्हणणं नाही. गुडघ्याला शेक देत जा. धाकटीला आशीर्वाद सांग आणि मीठ कमी खायला सांग.

तुझा खरोखरीचा थोरला,
दादा

ता. क. तुझ्या वहिनीने पत्र वाचलं. म्हणाली, एवढी पानं भरलीत आणि लिहायचं तेवढं राहिलं. पाकीट बंद करू देत नाही. पोशाख घालून दारात उभी आहे, त्यामुळे चेहरा दिसत नाही, पण आवाज चांगला नाही. म्हणून पुढचं लिहितो.

आणखी ता. क. ते आपोआप मंजूर होणारं बंद कर. आज सकाळी मी एक विनंती पाठवणार होतो, ती थांबवून ठेवली आहे. तू ते बंद केलंस की पाठवीन. वस्तू काय आहे ते सांगत नाही, पण अगदी बिनकामाची आहे, तुला नाही म्हणायला काही अडचण येणार नाही. कारण हवं ते लिही. घरात सध्या पाहुणे नाहीत.

शेवटचं ता. क. वर मी पुढच्या आठवड्यात पासष्टी भरते म्हणून लिहिलं ते खरं नाही, ती मागच्याच आठवड्यात भरली. त्या गोड मुलीचा लगेच फोन आला होता. म्हणाली, आजोबा, अभिनंदन, आता तुम्ही ज्येष्ठ झालात, तुमचं वेगळं खातं काढून देते आणि त्या खात्यातून तुमचं नाव कमी करते, करू ना? माझ्या तोंडून हो निघेना. मी तिला म्हटलं, थांब जरा बाई, मोठ्या भावाला विचारून सांगतो. तर ते विचारतो आहे. उत्तर पत्राने नको, फोनवर दे.