वहिनीचा जुना फोन

८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. गुडघा कसा आहे? मी मजेत आहे, वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. फोन करायचा सोडून पत्र कशाला, म्हणशील. अगं, तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर आणि दादा पेपरच्या आड कान लावून. हे त्यानं ऐकायचं नाहीये.

त्याचा निरोप मिळाला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो, सामान बांधून ठेव, दुकानात घरचं माणूस हवंय. गाद्यांच्या दुकानात बसायला मला कमीपणा नाही. पण मी अजून हो म्हटलेलं नाही. ऑफिसात सध्या फार काम आहे, एवढंच सांग त्याला.

नको, तसं सांगू नकोस. ऑफिस सुटलं, वहिनी. थंडी पडायच्या आधीच. आम्हा सहा जणींना एका खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि 'या आता' म्हणाले. दादाला वास लागलाच असणार, त्याशिवाय तो टेम्पो काढणार नाही.

माझं काम तुला माहीत आहे. नवीन अ‍ॅप आलं की गिऱ्हाईक वापरेल तसं दाबून, उघडून, बिघडवून बघायचं. नऊ वर्षं हेच केलं. आता ते एक यंत्र करतं. म्हणजे लोखंडाचं नाही, कॉम्प्युटरमधलं. इथे दाब, ते उघड, काय दिसतं ते सांग, असं लिहून दिलं की ते फोनवर आपलं आपण सगळं करतं. ना चहा मागत, ना रजा. वर ते सगळ्या जगाला खुलं आहे. कोणीही आतलं कोड वाचावं, सुधारणा पाठवावी. सांभाळणाऱ्यांना पटली तर ते घेतात. आमच्या जागी हेच बसवलं. मी आठ दिवस चरफडले आणि मग म्हटलं, माझ्या ताटावर बसलेल्याचं तोंड तरी बघू.

नुसतं वापरायला ते सोपं आहे. आत हात घालायचा तर आख्खं कोड उतरवून आपल्या कॉम्प्युटरवर मांडावं लागतं. सूचनांचं पान एवढंसं, 'हे करा, ते करा, झालं'. झालं कसलं. एक गोष्ट बसवली की ती दुसरीचं नाव सांगायची, दुसरी म्हणायची मी जुनी आहे, नवी आण. फोन जोडला तर दिसेना. दोन दिवस डोकं फोडल्यावर कळलं की वायर नुसती चार्जिंगची होती. स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

फोन म्हणजे तुझाच, तू गेल्या खेपेला पिशवीत कोंबलेला. त्याच्या सेटिंगमध्ये एका ओळीवर सात टिचक्या मारल्या की तो म्हणतो, आपण आता विकासक आहात. दादाला सांगितलं असतं तर म्हणाला असता, मग कुठली बिल्डिंग पाडतेस?

शेवटी यंत्र उभं राहिलं. सोबत आलेल्या चाचण्या लावल्या. सगळ्या पास, एक सोडून. पडद्यावर नेमक्या जागी बोट टेकवायची चाचणी. यंत्र म्हणतंय टेकवलं, फोन ढिम्म. ते यंत्र सांभाळणारा एक दाढीवाला आहे, कुठल्याशा लांबच्या गावचा. त्याला लिहिलं, तर उत्तर आलं, 'आमच्याकडे चालतं. पुन्हा मांडून पाहा.' पुन्हा मांडलं. पुन्हा तेच. मला खरंच वाटायला लागलं की आपल्या डोक्याला गंज चढलाय, दादा म्हणतो तसं दुकानातच बसावं.

मग मी माझी जुनी सवय काढली. चूक सापडत नसली की प्रत्येक पायरीशी थांबायचं, काय आत गेलं आणि काय बाहेर आलं ते डोळ्यांनी बघायचं. तर बोट कुठे टेकवायचं ते आकडे चालले होते '५४०' आणि '१२००'. आपल्या आकड्यांत. तुझा फोन मराठीत ना. यंत्रानं आकडे मराठीत लिहिले, आणि पुढच्या पायरीला इंग्रजी आकडेच कळतात. ती बापडी गप्प बसली. मी खुर्चीवरून उठून घरभर फिरले.

दाढीवाल्याला कळवलं. तो म्हणाला, सापडलं ते छान, आता फोनची भाषा बदला, काम होईल. माझं टाळकंच सटकलं. फोनची काही चूक नसताना त्यानं का बदलायचं? म्हणजे तुझ्यासारखीच्या फोनवर अ‍ॅप अडलं तरी ह्यांच्या तपासणीत ते कधी दिसायचंच नाही. मी त्याला हे सगळं लिहिलं, जरा सभ्य शब्दांत. आणि कोड दुरुस्त करून पाठवलंय.

आता वाट बघते आहे. घेतलं तर ह्या कामात राहीन. नाहीच घेतलं तर मुकाट्यानं टेम्पोत बसेन, हे मी मनाशी ठरवलंय. तोवर दादाला काही बोलू नकोस. तुला माझी शपथ आहे.

तुझी,
बारकी


२३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. पत्र तुझ्या नावावर बघून वहिनीकडे बघू नकोस, तिला मी शपथ घातली होती. तिच्यावर रागावलास तर मी आठवडाभर तुझा फोन उचलणार नाही.

माझी नोकरी गेली आहे, थंडीच्या आधीच. तू चारचौघांत 'आमची बारकी मोठ्या ऑफिसात आहे' म्हणतोस, म्हणून तोंड उघडलं नाही. लाज वाटत होती. आता वाटत नाही, म्हणून लिहिते आहे. नवी नोकरी अजून नाही. दोन ठिकाणी बोलावलंय, बघू.

ज्या यंत्रामुळे नोकरी गेली त्याच्यात मला एक चूक सापडली. कशी, ते वहिनीकडून ऐक, तिच्याच फोनची करामत आहे. मी दुरुस्ती पाठवली. सांभाळणाऱ्यानं दोनदा परत केली. एकदा म्हणाला, पुरावा जोडा. एकदा म्हणाला, तुमच्या दुरुस्तीनं दुसरीकडचं मोडतंय. आणि मोडत होतं, मी तपासलं. तिसऱ्यांदा पाठवली आणि काल त्यानं ती घेतली. खाली एकच ओळ लिहिली होती, 'इतकी वर्षं हे आमच्या लक्षात आलं नाही, आभार.'

पण मला सांगायचंय ते पुढचं आहे. त्यांचा नियम असा की कोणीही काही बदल पाठवला की तो आधी ठरलेल्या फोनांवर चालवून बघतात. सगळ्यांवर चालला तरच आत. त्या फोनांत आजपासून एक मराठीतला फोन आहे, कायमचा. उद्या जगातल्या कुठल्याही शहाण्यानं त्या यंत्राला हात लावला, तर त्याला आधी मराठी आकडे पार करावे लागतील. हे मी करून घेतलं, दादा. मला स्वतःचा फार अभिमान वाटतोय, आणि तो पहिल्यांदा तुला सांगावासा वाटला.

रविवारी ये. वहिनीलाही आण, जिने फार नाहीत. मी स्वयंपाक करून ठेवते, आणि मग तुम्हाला दोघांना शेजारी बसवून ते यंत्र चालवून दाखवते.

टेम्पो मात्र आणू नकोस.

नोकरीवर नसलेली, पण कामावर असलेली,
तुझी बारकी