मागच्या खोलीचं संविधान

३ जून, सकाळी ७.१०
निवृत्तीचा तिसरा दिवस. चहाचा कप समोर आदळत हिनं जाहीर केलं की मागच्या खोलीत तिला शिवणकाम सुरू करायचंय. मागची खोली! जिथे माझी बत्तीस वर्षांची नागरिकशास्त्राची टिपणं, प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आणि खुद्द मी असतो. शिसारी आली. या घरात कायदा नाही, नुसता आवाज आहे. ठरलं. घराला लिखित संविधान देणार. आठवड्यात.

५ जून
मसुदा समिती : मी. अध्यक्ष : मी. मतभेद नसल्यामुळे काम झपाट्यानं चाललंय. उद्देशिकेचं पहिलं वाक्य जवळजवळ झालं.

९ जून
अधिकारांची वाटणी. केंद्र म्हणजे मी. राज्य म्हणजे ही. मुलगा केंद्रशासित.
केंद्रसूची : परराष्ट्र व्यवहार (हिच्या माहेरचे), संरक्षण (कुलपं), दळणवळण (रिमोट).
राज्यसूची : स्वयंपाक, धुणं, गॅस, गळका नळ.
समवर्ती सूची, म्हणजे दोघांची : केर.
मागची खोली कुठेच लिहिली नाही. ती माझीच आहे. सूर्य पूर्वेला उगवतो हेही कोणी घटनेत लिहीत नाही.

११ जून
मुलगा म्हणे, बाबा, पीडीएफ ग्रुपवर टाका, वाचतो. वाचणार कपाळ! ही म्हणे, सगळं तुम्हीच घेतलंत, मी सही कशाला करू? या लोकांचा अगदी वीट आलाय. पण संघराज्यात थोडं सोडावं लागतं. कलम १७ घातलं : कुठल्याच सूचीत नसलेले उरलेसुरले अधिकार, म्हणजे शेषाधिकार, राज्याकडे. आता उरलंय काय? शिळंपाकं! हिनं लगेच सही केली. बिचारीला राजकारण कळत नाही.

१२ जून
न्यायपालिका स्वतंत्र हवी. सूनबाईंना नेमलं. त्या कधी बोलत नाहीत, हीच पात्रता.

१६ जून, दुपारी ४.००
शी! मागच्या खोलीत शिलाई मशीन! माझ्या टेबलावर कात्री! तडक न्यायालयात गेलो. न्यायालय पालेभाजी निवडत होतं. सूनबाईंनी अख्खं संविधान वाचलंय. कोण वाचतं? निकाल : खोली कुठल्याच सूचीत नाही, सबब कलम १७, सबब आईंची. वर म्हणे, बाबा, मसुदा छान झालाय हं, एकही पळवाट ठेवली नाहीत.

१७ जून
घटनादुरुस्ती मांडली. दोन-तृतीयांश बहुमत लागतं (माझंच कलम). मतं तीन, न्यायालयाला मत नाही. मुलगा तटस्थ राहणार होता. मग हिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. एक विरुद्ध दोन. पोटचा पोर!

१८ जून, सकाळी ८.००
आणीबाणी जाहीर केली. सर्व अधिकार माझ्याकडे.
८.२०. कुणाच्या लक्षात आली नाही. परत जाहीर केली, जरा मोठ्यानं. ही म्हणाली, बरं, मग चहा तुम्हीच टाका.
८.४५. गाळणं सापडत नाही. आणीबाणी उठवली.

२० जून
गठ्ठे पॅसेजमध्ये आले. मीही. जागा हवेशीर आहे. शिवाय दार उघडलं की येणारा प्रत्येक माणूस आधी मलाच भेटतो. परागंदा सरकारंही अशीच चालवतात. आतून मशीनची खडखड. ही गुणगुणते आहे. किळसवाणं.

२४ जून, सकाळी ११.००
बेल वाजली. दारात एक पोक्त गृहस्थ. मला बघताच अदबीनं म्हणाले, मास्तर!
बत्तीस वर्षं सगळे नुसतं सर म्हणत आले. मास्तर म्हणणारा म्हणजे जुन्या वळणाचा, मनापासून शिकलेला. डोळे भरून आले. एकाच्या तरी डोक्यात माझी राज्यघटना शिरली होती! उठून उभा राहिलो. कुठली बॅच, विचारलं.
त्यांना प्रश्न कळला नाही. त्यांनी पिशवीतून पँट काढली. दोन बोटं आखूड करून हवीय, शनिवारपर्यंत जमेल का, म्हणाले.
आत विचारून सांगतो, म्हटलं.