चौकटची राणी आणि किलवरची दुरी

प्रिय चौकटराणी हीस (तुझे संपूर्ण नाव पाकिटावर लिहिले आहे, पत्त्याची जागा मात्र कोरी सोडावी लागली),

सप्रेम नमस्कार. दिवंगत व्यक्तीस प्रकृतीविषयी विचारणे प्रशस्त नव्हे, याची मला जाणीव आहे. तथापि ते वाक्य गाळले की पत्राचा तोल जातो. तरी, तुझी प्रकृती कशी आहे? माझी, उजवा गुडघा वगळता, ठीक आहे.

पत्रास कारण की, हौशी खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय पोकर स्पर्धेत तुझ्या खुर्चीवर मी बसलो. हसू नकोस. संघ चौघांचा, आणि चौथी खुर्ची रिकामी राहिल्यास संघ बाद, असा नियम आहे. ज्या संघासाठी तू वर्षभर जिवाचे रान केलेस, तो नियमाच्या एका ओळीने घरी बसणार होता. तुझी धाकटी बहीण, संघनायक दंतवैद्य आणि शिंपी असे तिघे आपल्या दारात येऊन उभे राहिले. मला पत्त्यांतले काहीही कळत नाही, असे मी नम्रपणे निवेदन केले. त्यावर तुझी बहीण म्हणाली, "भावोजी, तुम्हाला कळावं अशी आमची अपेक्षाच नाही. नुसते बसा." छत्तीस वर्षे वजन-मापे निरीक्षक राहिलेल्या मनुष्यास नुसते बसणे जमते. मी होकार दिला.

दंतवैद्यांनी मला एकच गोष्ट शिकवली: पाने वाईट आली की टाकून द्यावीत. पहिल्या दिवशी मी ओळीने एकोणीस वेळा पाने टाकली (प्रत्येक वेळी 'क्षमा असावी' म्हणून). मधल्या वेळेत पैजेच्या चकत्यांच्या चळती खिशातल्या पट्टीने मोजून सारख्या करीत राहिलो. (या चकत्यांना तेथे चिप्स म्हणतात, खाण्यायोग्य नाहीत.) हा गृहस्थ कोणी मुरलेला खेळाडू असून आपली परीक्षा पाहत आहे, अशी वदंता शेजारच्या टेबलांपर्यंत पसरली. शिवाय तू गेल्यापासून माझा चेहरा एकाच ठिकाणी थांबला आहे. त्यावरून पाने ओळखण्याचा प्रयत्न करून दोन देशांचे खेळाडू थकले.

तिसऱ्या दिवशी मात्र घोटाळा झाला. शेवटच्या दिवसाच्या फेरीत जाण्यास आम्हांस एक डाव हवा होता, समोर काळा चष्मा लावलेला एक धिप्पाड परदेशी खाटीक होता, आणि माझ्या हातात किलवरची दुरी व चौकटची राणी आली. ती राणी तू कधीही टाकत नसस. त्यावरूनच मंडळींनी तुला हे टोपणनाव दिले. दंतवैद्यांच्या शिकवणीप्रमाणे मी पाने टाकावयास हवी होती. शिंपीबुवा मागच्या रांगेतून डोळ्यांनी 'टाका, टाका' असे विनवीत होते. माझ्याने टाकवेना. मी सर्व चकत्या (चळती न मोडता) पुढे सरकवल्या.

खाटकाने चष्म्याआडून विचारले, हातात आहे तरी काय? कोणी सरळ विचारले असता खोटे सांगणे मला जमत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी म्हणालो, "एक राणी आणि एक दुरी. पाने वाईट आहेत. पण मी टाकणार नाही."

तो पाच मिनिटे घामाघूम होऊन विचार करीत होता. अखेरीस त्याने आपली पाने उघडी टाकून डाव आम्हांस सोडला. दोन राजे होते. नोंदीसाठी मी माझी पाने उघडी करून दाखवली. त्याने चष्मा काढला, पाने पाहिली, पुन्हा लावला. दुपारच्या जेवणास तो माझ्या टेबलाकडे पाठ करून बसला. तुझ्या बहिणीने मला सर्वांदेखत मिठी मारली, ती मी शिष्टाचारास धरून दोन सेकंद सहन केली.

आता एक गोष्ट, जी मी कोणास सांगितलेली नाही. त्या दिवशी घराचे कुलूप नीट लागले आहे किंवा नाही, हे ओढून पाहण्यास मी रुग्णालयात तुझ्या खाटेजवळून उठून पंचवीस मिनिटे गेलो होतो. कुलूप लागलेले होते. परत आलो तेव्हा तू नव्हतीस. त्यानंतर तुला सोडून पुन्हा उठून जाणे मला जमले नसते, समोर नुसते तुझे एक पान असले तरीही.

तुझा,
पूर्वीचाच

ता.क. शेवटच्या दिवशी तीच राणी एका चौकीबरोबर आली. मी पुन्हा टाकली नाही, आणि आम्ही अकरा मिनिटांत बाद झालो. चौसष्ट संघांत सातवे. शिंपीबुवा अद्याप माझ्याशी बोलत नाहीत.

ता.क. २. पत्राचा मूळ हेतू वर राहून गेला. पुढील वर्षाच्या अर्जात चौथ्या रकान्यात मी माझे नाव घातले आहे. हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावे. न कळवल्यास संमती गृहीत धरण्यात येईल.

ता.क. ३. या आठवड्यात हॉटेलच्या खोलीचे कुलूप मी रोज जिना चढून तीन-तीनदा ओढून पाहत असे (गुडघ्याचे कारण हेच). आज निघताना खाली गाडी थांबली होती. दाराला एकदाच कुलूप लावले. ओढून पाहिले नाही. किल्ली परत केली.